अंजिराचे झाड आणि आपला राब



लूकच्या शुभवर्तमानातील (१३:६-९) अंजिराला तीन वर्षे फळ नाही. मालक तोडायला सांगतो. माळी मात्र वर्षभराची मुदत मागून मुळाशी खत घालायचे ठरवतो. प्रभूने दाखल्यात खतही आणले!

उन्हाळ्यात आपण सुरगाण्यात भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतो. तण मरते, रोप जोमाने येते, हे खरे. पण शेणापाल्यातले नत्र धुरात जाते. तेच थर देऊन, ओलसर राखून कुजवले तर काही महिन्यांत खत होते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाचे हे चक्र दाखवले.

प्यायला पाणी नाही, खड्ड्याला कुठले? प्रश्न रास्त आहे. माळ्यानेही एकाच झाडापुरती मुदत मागितली. आपण यंदा एका वाफ्याचा पाला राखू आणि पहिल्या पावसात खड्डा भरू.