रविवारी एक, सोमवारी दुसरे

आदिलाबादहून महामार्गाने नागपूरकडे निघाले की थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्ही काठांवर कापूस तोच, पुष्कळ गावांत मराठीही तीच. १९५६ पर्यंत मात्र अलीकडे हैदराबाद राज्य होते आणि पलीकडे नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश. भारतातल्या सुवार्तावादी ख्रिस्ती चळवळीचा इतिहास सांगताना या पट्ट्याला वगळता येत नाही. बायबलचा अधिकार, व्यक्तीचे मनपरिवर्तन आणि सुवार्ता सांगण्याची जबाबदारी या गोष्टी सर्वांत वर ठेवणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना इव्हँजेलिकल म्हणतात. त्यांची अखिल भारतीय संघटना, इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया, १९५१ साली अकोल्यात स्थापन झाली. दोन वर्षांनी यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली, तोवर ठिकठिकाणचे कितीतरी पाळक यवतमाळात घडले.

त्याच मध्य प्रदेश राज्याने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात आमिषाने होणारी धर्मांतरे, परदेशी पैसा आणि देशनिष्ठेबद्दलचा संशय हे सगळे आले. तो अहवाल मला एकतर्फी वाटतो. स्वतःहून धर्म निवडणाऱ्या गरीब माणसाच्या बुद्धीवर त्याचा विश्वास नाही. पण आपण ख्रिस्ती माणसांनी त्याला जे उत्तर दिले आणि अजून देतो, तेही पुरेसे नाही. आमच्या शाळा बघा, दवाखाने बघा, कुष्ठरोग्यांची सेवा बघा, असे आपण म्हणत राहिलो. ती सेवा खरी आहे. मात्र बचावाची सवय जडली की आपल्या घरातले जे चांगले नाही ते झाकण्याचीही सवय जडते. राजकारणाबद्दल सुवार्तावादी मंडळी आज जे बोलतात आणि जे बोलत नाहीत, त्याचे मूळ मला या सवयीत दिसते.

पत्र्याच्या छपराखाली रविवारी भरणारी एखादी प्रार्थनासभा डोळ्यांसमोर आणा. सीमेवरच्या गावांत असते तशी: काही गीते तेलुगू, काही मराठी, एका बाजूला चटईवर बायका, समोर स्पीकर आणि ढोलक. गीते संपली की साक्ष सुरू होते. एकजण सांगतो, दारू सुटली. एक बाई सांगते, मुलाचा ताप उतरला, कर्ज फिटले. माणसे मनापासून रडतात, आणि त्या रडण्याला हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण अशा सभांत एक साक्ष ऐकू येत नाही. मला अमक्या ख्रिस्ती घराने मुलगी दिली नाही, कारण मी मांग. पाळकाच्या निवडणुकीत माला आणि मादिगा या दोन दलित जातींची मते वेगवेगळी मोजली गेली. दफनभूमीत आमच्या आजोबांची जागा वेगळी होती, असे कुणी उठून सांगत नाही. व्यासपीठावरून गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचला जातो, ख्रिस्तात भेद उरत नाही असे शिकवले जाते, आणि विषय संपतो.

सोमवारी त्याच सभेतला एखादा तरुण ‘मीसेवा’ या सरकारी सेवा केंद्रात जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवतो. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. तेलंगणात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गाच्या ‘सी’ गटात टाकले आहे आणि त्या गटाला आरक्षण १ टक्का. अनुसूचित जातींचे आरक्षण १५ टक्के. एप्रिल २०२५ पासून त्या १५ टक्क्यांची तीन गटांत १, ९ आणि ५ अशी विभागणी करणारा कायदा राज्यात लागू झाला. मादिगांच्या तीस वर्षांच्या लढ्याचे ते फळ आहे. पण ज्या मादिगाच्या कागदावर ख्रिस्ती लिहिलेले आहे, त्याच्यासाठी या हिशेबात काहीच नाही. म्हणून कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती अशी दुहेरी आयुष्ये चालतात. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण पोराच्या वसतिगृहाची जागा आणि बापाचा विश्वास यांतले एक निवडायला लावणारी व्यवस्था अन्यायाची आहे, आणि दोष आधी तिचा आहे.

या अन्यायाविरुद्धची याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा अशी शिफारस केली. केंद्राने ती मानली नाही आणि २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. अशा प्रत्येक ठिकाणी चर्चचे पुढारी सांगतात की धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही. ते बरोबरच सांगतात. मग रविवारी काय सांगत होते? चर्चमध्ये जात नाही असे मंडळीला शिकवायचे आणि जात आहे असे न्यायालयाला लिहून द्यायचे, ही दोन्ही वाक्ये एका तोंडात शोभत नाहीत.

आधी तुमच्या घरातली जात घालवा, मग हक्क मागा, असे आपले टीकाकार म्हणतात. हे मला मुळीच मान्य नाही. हक्क हे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे. चर्चमध्ये जात टिकली, हाच तर दलित ख्रिस्ती माणसाच्या मागणीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो पुरावा चर्चच दडवते आणि आपल्याच माणसाचा खटला कमजोर करते.

आदिवासींची गोष्ट निराळी आहे. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. ख्रिस्ती झालेला गोंड किंवा कोलाम आदिवासीच राहतो. ती अट घाला, धर्मांतरितांना यादीतून काढा, अशी मागणी जनजाती सुरक्षा मंच करतो आहे. तिला विरोध करायलाच हवा. पण केस्लापूरच्या गोंडांच्या नागोबा जत्रेला सैतानी म्हणणारा, गोंडी नावे टाकून द्यायला लावणारा उपदेशक त्या मागणीला स्वतःच्या हाताने बळ देतो. जमात धर्माहून मोठी आहे असे सरकारला सांगायचे असेल, तर ते उपदेशकाच्या वागण्यातही दिसले पाहिजे.

याउलट आपली पुष्कळशी शक्ती दुसऱ्यांच्या भांडणात जाते. अमेरिकेतल्या निवडणुका, इस्राएल आणि शेवटचा काळ यांवरचे व्हिडिओ मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतात. के. ए. पॉल यांच्यासारखा सुवार्तिक पक्ष काढून मुनुगोडूच्या पोटनिवडणुकीत उतरतो, हरतो, आणि त्याची चर्चा महिनोन्‌महिने चालते. १९७४ च्या लोझान करारात जगभरच्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी सुवार्ता आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये मानली. त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या करारावर सेमिनरीत निबंध लिहिले जातात. मीसेवाच्या रांगेपर्यंत तो पोचलेला नाही.

बाहेर आणि आत एकाच आवाजात बोलणारी माणसे मराठी ख्रिस्ती परंपरेत होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाई १८८९ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वृत्तपत्रातून उघड टीका केली, आणि ते सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते. इंग्लंडमध्ये ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या श्रद्धेच्या प्रश्नांवर वाद घालत राहिल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. चर्चची बदनामी होईल म्हणून ही दोघे गप्प बसली नाहीत. त्यांच्या स्पष्टपणाने चर्चचे नुकसान झाले असे आज कोणी म्हणणार नाही.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या पाळकांना आणि पंचकमिट्यांना माझे सांगणे आहे. वर्षातून एकदा मंडळीपुढे जमाखर्च मोठ्याने वाचा; परदेशातून आलेला रुपयाही त्यात सांगा. आणि साक्षीच्या वेळी जातीची साक्ष मागा. पहिल्या रविवारी कोणी उठणार नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा मागा. जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्या संमतीने सह्या घ्या, आणि तेच कागद आयोगापुढे आणि न्यायालयापुढे ठेवा.