गुरुवारचे चिंतन : ताऱ्यांची दिंडी

🙏 ॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥ 🙏



मागच्या महिन्यात बैठकीत एक अक्का म्हणाल्या, "बारा वर्षं माळ ओढतेय. घरातलं दुखणं आहे तसंच आहे. मला तर काहीच जाणवत नाही." आम्ही लगेच सांगून मोकळ्या झालो, "अक्का, श्रद्धा कमी पडतेय तुमची." त्या गप्प बसल्या. पुढचे दोन गुरुवार आल्याच नाहीत.

तेव्हापासून मनाला टोचणी लागली होती. त्यातच खोडदच्या दुर्बिणीविषयी वाचलं, आणि आपलं काय चुकलं ते लक्षात आलं.

पुण्याच्या पुढे नारायणगावजवळ हे खोडद गाव. तिथं 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून एक दुर्बीण होते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. भरीव पत्रा जड आणि महाग, वारा अडवणारा. म्हणून त्यांनी तारेची जाळी वापरली. आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी टिपायच्या, म्हणून तिथं मोबाइलही बंद ठेवायला लावतात.

मोठा तारा संपला की कधी कधी त्याचा लहानसा, जड गोळा मागे उरतो आणि गरगर फिरतो. त्याला पल्सार म्हणतात. त्याचे ठोके घड्याळासारखे नेमके येतात. विश्वात प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरत असतील, तर अवकाशात मंद लाटा उठतात. त्या लाटांमुळे हे ठोके किंचित पुढे-मागे होतात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! एकेक लाट सरायला कित्येक वर्षं लागतात. त्यात ताऱ्यांमधला वायूही ठोक्यांना उशीर लावतो. तो उशीर ओळखून बाजूला काढायला खोडदच्या नोंदी उपयोगी पडल्या.

एकाच पल्सारवरून काही कळत नाही. युरोपच्या आणि आपल्या शास्त्रज्ञांनी 25 पल्सारांच्या नोंदी एकत्र मांडल्या, युरोपच्या नोंदी तर जवळजवळ 25 वर्षांच्या. तेव्हा कुठे त्या लाटांची चाहूल लागली. 29 जून 2023 ला ते जाहीर झालं. बघा, त्या दिवशी आषाढी एकादशी होती! डॉ. स्वरूप मात्र 2020 मध्येच गेले होते. आणि इतकं करूनही शास्त्रज्ञ म्हणाले, पुरावा मिळाला आहे, पण पक्कं झालं म्हणायला अजून नोंदी हव्यात.

इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर ते असं जपून बोलतात. आणि आम्ही? अक्कांच्या बारा वर्षांचा निकाल एका वाक्यात लावला. एकट्या वारकऱ्याच्या पावलांवरून दिंडी कळत नाही. सद्गुरूंनी आपल्याला सत्संग दिला तो एकमेकींना सांभाळायला, तपासायला नव्हे. आपल्या नामाने कुणाच्या आयुष्यात काय हललं, ते आपल्याला दिसेलच असं नाही.

आम्ही तिघी अक्कांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. त्यांनी चहा केला. "येते" म्हणाल्या नाहीत, आम्हीही आग्रह केला नाही. त्यांना विचारूनच हे लिहिलं आहे. त्यांची जागा रिकामी ठेवली आहे.

या आठवड्याचा नेम : कुणी आपलं दुःख सांगितलं, तर आधी पूर्ण ऐकायचं. उत्तराची घाई करायची नाही.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏