मनाची कंबर बांधून



पास्काकाळाच्या या तिसऱ्या रविवारी, 'अ' वर्षाच्या वाचनांप्रमाणे, ख्रिस्तसभा आपल्याला अम्माऊसच्या वाटेवर नेते (लूक २४:१३-३५). दोन शिष्य यरुशलेमकडे पाठ फिरवून निघाले आहेत. एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव संत लूक देत नाही. वाट साठ स्टेडियांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे अकरा किलोमीटर. वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्याला ते येशूची सगळी हकिगत सांगतात. ती सांगताना आपल्या आशेबद्दल बोलतात ते भूतकाळात. इस्राएलाला सोडवणारा हाच, अशी त्यांनी आशा धरली 'होती'. आणि लगेच पुढे हेही सांगतात, की या गोष्टी घडून आज तिसरा दिवस आहे. म्हणजे ते दिवस मोजत होते. मोजता मोजता आशा संपली, आणि ते घरी निघाले.

आता दुसऱ्या वाचनाकडे पाहू या. गेल्या रविवारी आपण प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्रातील १:३-९ हा भाग ऐकला, आज १:१७-२१ ऐकला. मधली काही वचने रविवारच्या वाचनांत येत नाहीत. वाचने ठरवणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, सगळेच कुठे मावणार? पण त्यात तेरावे वचन राहून गेले आहे, आणि आज आपल्याला नेमके तेच हवे आहे. तिथे पेत्र सांगतो, की मनाची कंबर बांधा, सावध राहा, आणि येशू ख्रिस्त प्रकट होईल तेव्हा जी कृपा मिळणार आहे तिच्यावर आपली सगळी आशा ठेवा. क्रम पाहा. आधी कंबर, मग आशा.

मनाला कुठली आली कंबर, असे कोणी विचारील. मावळात राहणाऱ्यांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. जुलैमध्ये बेडशाच्या खाचरांत भातलावणी सुरू होते तेव्हा आपल्या आयाबहिणी काय करतात? ओचा वर खोचतात, पदर कमरेला आवळतात, आणि मग चिखलात पाय टाकतात. चिखलात उतरल्यावर, हातात रोपांची मूठ असताना, लुगडे सावरायला सवड मिळत नाही. पेत्राच्या काळी लोक पायघोळ झगे घालत. कामाला, प्रवासाला निघताना तो झगा वर घेऊन कमरेच्या पट्ट्यात खोवावा लागे. पेत्राचे पत्र ज्यांच्या हाती पडले ते ख्रिस्ती लोक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले होते, थोडे होते, परक्यासारखे राहत होते. आपल्या धर्मग्रामाचेही तेच नाही का? एक घर इथे, दोन घरे धरणाच्या बाजूला, चार कामशेतकडे. पावसाळ्यात मिस्साला पोहोचणे हेच कित्येकांना एक काम होऊन बसते.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवताना आशेची चार लक्षणे सांगितली जात. ज्याची आशा धरायची ते चांगले असावे लागते, ते पुढचे असावे लागते, ते मिळवणे कठीण असावे लागते, आणि तरी ते शक्य असावे लागते. तेव्हा आम्ही ही चार लक्षणे परीक्षेपुरती पाठ केली. पुढे घरभेटी करू लागलो तेव्हा तिसरे लक्षण खरे कळले. जे सहज मिळणार आहे त्याची आपण नुसती वाट पाहतो. आशा लागते ती कठीण गोष्टीला, आणि तिथेच मन दमते.

आपल्या भागात हे दमणे आम्ही पाहिले आहे. तळेगावच्या एका मोठ्या मोटार कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. त्या काळात या पट्ट्यातली कितीतरी घरे पुढच्या महिन्याकडे डोळे लावून बसली होती. पुढच्या महिन्यात निकाल लागेल, पुढच्या महिन्यात बोलावणे येईल. असेच डोळे लागलेले असतात आजाऱ्याच्या उशाशी: पुढचा रिपोर्ट चांगला येईल. मुलीचे लग्न ठरत नाही, मुलगा कंत्राटी कामावरून कायम होत नाही, नवऱ्याची बाटली सुटत नाही. आपण नोव्हेना करतो, आणि मनातल्या मनात देवाला एक तारीख देऊन टाकतो. तारीख उलटते. मग कोणी रागाने चर्च सोडत नाही, असे फार थोडे. बहुतेक जण हळूच भूतकाळात बोलू लागतात. "फादर, आम्हीही पूर्वी रोज रोजरी म्हणायचो." क्लयपाही रागावलेला नव्हता, फक्त घरी निघाला होता.

नोकरी मागू नये, बरे होणे मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. प्रभूने रोजची भाकर मागायला शिकवले आहे. पण पेत्र 'सगळी' आशा ठेवायला सांगतो ती ख्रिस्ताच्या येण्यावर, आणि ते आज डोळ्यांना दिसत नाही.

न दिसणाऱ्यावर मन कसे टिकवायचे? आपल्या गावाच्या डोंगरात बौद्ध बांधवांची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. तिथले चैत्यगृह तुम्ही पाहिले असेल. खालून वर येणाऱ्याला ते दिसतच नाही, कारण पुढचा कातळ कोरून टाकलेला नाही, तसाच उभा ठेवला आहे. त्याच्यामधल्या अरुंद वाटेने आत गेले की एकदम ते उंच खांब समोर येतात, माथ्यावर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी. बाहेरून पाहणाऱ्याने तिथे काही नाही असे म्हणून परतावे, अशी ती जागा आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही एकदा असेच झाले. एक संपूर्ण ख्रिस्ती समाज जवळजवळ अडीचशे वर्षे कातळाआड होता, आणि त्याची गोष्ट आपल्या वसईच्या एका माणसाशी जोडलेली आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपण ऐकतो. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक झाला, काही काळ व्यापारही केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. १५९६ च्या अखेरीस त्याला आणि इतरांना अटक झाली. क्योटोत त्यांच्या कानांचे तुकडे कापले आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर खिळले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक आहे. पुढचे ऐका. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६४४ मध्ये शेवटच्या धर्मगुरूंचाही अंत झाला. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. नागासाकीत दर वर्षी लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावत, कोण ख्रिस्ती आहे ते कळावे म्हणून. नागासाकीजवळच्या उराकामी गावातल्या शेतकऱ्यांनी काय केले? त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. एकाकडे ख्रिस्ती दिनदर्शिका, एकाकडे स्नानसंस्कार देण्याचे काम, काही जणांकडे घरोघर जाऊन या आठवड्यात कोणता सण, कोणता उपवास हे कळवण्याचे काम. परंपरा अशी, की ही दिनदर्शिका बास्त्यान नावाच्या एका हुतात्मा धर्मशिक्षकाने त्यांना लावून दिली होती. सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू जहाजांतून येतील, असेही तो सांगून गेला होता म्हणतात. प्रार्थना पाठ होत्या. पुस्तक सापडले तर जीव जाईल, म्हणून बऱ्याच गोष्टी तोंडीच चालत. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर झिजून ओळखू येईनासे झाले. आमच्यातला एखादा पंडित अशा प्रार्थनेला नाक मुरडील. त्याने खुशाल मुरडावे.

एक गोष्ट मात्र आम्हांला फार मोलाची वाटते. छळाच्या आधी, १६०३ मध्ये, जपानच्या बिशपांनी पश्चात्तापावर एक पुस्तिका काढली होती. धर्मगुरू नसेल तेव्हा पूर्ण अंतःकरणाने पश्चात्ताप करावा, देव क्षमा करतो, मात्र धर्मगुरू भेटेल तेव्हा त्याच्यापाशी पापनिवेदन करीन असा निश्चय मनात असावा, अशी तिची शिकवण. ही पुस्तिका हाताने उतरवून आणि पाठ करून त्यांनी जपली. दर वर्षी त्या चित्रावर पाय ठेवून घरी परतलेला माणूस रात्री हीच प्रार्थना म्हणत असे. आता विचार करा. ज्या देशात एकही धर्मगुरू उरलेला नाही तिथे आजोबा, मुलगा, नातू, पणतू, प्रत्येक जण 'धर्मगुरू भेटेल तेव्हा' म्हणतो आहे. त्यांची आशा रोजच्या प्रार्थनेतच बसवलेली होती. तिच्यासाठी वेगळा उत्साह आणावा लागत नव्हता.

१८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा येथे एक चर्च उभे राहिले. ते सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, अर्पण केलेले आहे आणि त्याचे तोंड निशिझाका टेकडीकडे आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे दहा-पंधरा लोक भीत भीत आत आले. त्यांतल्या एका बाईने फादर पतिजाँ यांच्या कानाशी येऊन सांगितले, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. बोलण्यात त्यांनी आणखी एक चौकशी केली: आमचा सध्या दुःखाचा काळ चालू आहे, तुम्हीही तो पाळता का? त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे रोमची ख्रिस्तसभा आणि हे शेतकरी एकाच प्रायश्चित्तकाळात होते. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नसताना त्यांनी दिवस मोजण्यात चूक होऊ दिली नव्हती.

दिवस क्लयपानेही मोजले होते. त्याने आपल्या अपेक्षेपासून मोजले आणि तिसऱ्या दिवशी हिशेब बंद केला. उराकामीच्या लोकांनी पास्कापासून पास्कापर्यंत मोजले. त्या हिशेबाला शेवटची तारीख नसते, आणि दर वर्षी रिकाम्या थडग्याचा दिवस त्यात येतोच.

त्यांचे पुढे सगळे भले झाले, असे सांगून आम्ही तुम्हांला फसवणार नाही. १८६७ पासून पुन्हा अटका झाल्या, तीन हजारांवर गावकऱ्यांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले, त्यांतले सहाशेच्या वर तिकडेच मेले. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर उरलेले परत आले आणि पुढे त्यांनी मोठे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब फुटला तो याच उराकामीवर. तिथल्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला ढिगाऱ्यातून काढलेली चर्चची घंटा वाजवली गेली. त्यांना रोजगार, आरोग्य, सुरक्षितता हवी नव्हती असे नाही. पण त्यांची कंबर दुसऱ्या गोष्टीने बांधलेली होती.

आपल्याकडे मिस्सा आहे, धर्मगुरू आहेत, छापलेली पुस्तके आहेत. म्हणूनच की काय, आपले काही पाठ नाही. श्रद्धांगीकार पुस्तक न उघडता म्हणता येणारी मुले किती, हे पालकांनी घरी पाहावे. संध्याकाळच्या मालिकेची वेळ घरात सगळ्यांना ठाऊक असते. पुढच्या रविवारी कोणते वाचन आहे हे मात्र कोणाला सांगता येत नाही. संकट येईल तेव्हा प्रार्थना करू, असे आपण म्हणतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेल्या माणसाला प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ज्यांना लहानपणी पाठ करून घेतले होते त्यांच्या ओठांवर मात्र ते आपोआप येतात. आजी-आजोबांनो, हे काम तुमचे आहे. गावातला तुमचा नातू उद्या पुण्याला, परवा परदेशात जाईल. तिथे त्याला कोण सांगणार आहे की आज राखेचा बुधवार?

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या. घरातल्या एकाने दिनदर्शिका सांभाळावी आणि रोज जेवणाआधी, आज ख्रिस्तसभेत कोणता दिवस आहे, हे सर्वांना सांगावे. हे काम लहान मुलाकडे दिले तर फार बरे. रात्री झोपण्यापूर्वी पश्चात्तापाची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, पुस्तकाशिवाय, म्हणावी. अडखळलात तरी चालेल. पुढच्या रविवारी मिस्सापूर्वी अर्धा तास आम्ही पापनिवेदनासाठी बसू. मिस्साच्या आरंभी तीच प्रार्थना आपण सर्व जण एकत्र, पुस्तके बंद ठेवून म्हणू या.

आपले धर्मगुरू