खुर्द्याचा हिशेब

दिवाळी आली की आमच्या अंगणात किल्ला होतो. तो मुले करतात असे म्हणायची रीत आहे. खरे पाहता दगड मी वाहतो, माती मी कालवतो आणि मुले हुकूम सोडतात. गेल्या वर्षीचा किल्ला मोठा झोकात उभा राहिला होता. उतारावर अळिवाची हिरवळ, बुरुजावर तोफा, दिंडीपाशी भालदार, पायथ्याच्या गुहेत वाघ आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. पाडव्याच्या दिवशी मांजराने तटावरून उडी टाकली आणि एक मावळा खाली कोसळून कमरेत दुभंगला. माझी सात वर्षांची पुतणी ते दोन तुकडे ओंजळीत घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, याला आता कुठं ठेवू?"

"टाकून दे. दुसरा आणू."

"टाकून कसा देऊ? हा लढाईत पडलाय."

माझ्या हातात त्या वेळी नेमके लढाईचेच पुस्तक होते. मी ते मिटून मांडीवर ठेवले. पण उत्तर काही सुचले नाही. बाजारात मिळणारे मावळे सगळे उभे असतात. पडलेल्या मावळ्याची जागा किल्ल्यात कोणती, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. त्या प्रश्नाने मला वर्षभर सोडले नाही.

वाचकहो, आधी माझा गुन्हा कबूल करतो. मला लढायांच्या पुस्तकांचे व्यसन आहे. माझे शिक्षण बेताचे. इंग्रजी पुस्तक वाचायचे तर शब्दकोश उशाशी घ्यावा लागतो. तरीही आमच्या वाचनालयात जमणाऱ्या चार-पाच समानधर्मी मित्रांच्या नादाने मी बरीच मजल मारली आहे. कोणी स्टालिनग्राडवरचा जाडजूड ग्रंथ आणून देतो, कोणी ब्रह्मदेशातल्या मोहिमेचा. "हे वाचाच, रात्रीची झोप विसराल," अशी शिफारस होते. आम्ही चहाच्या टेबलावर कपबशांच्या पलटणी मांडतो, साखरेच्या भांड्याची टेकडी करतो आणि नेपोलियनचे कुठे चुकले हे त्याला सांगू लागतो. घरी आमच्यापैकी एकालाही भाजीवालीशी दोन रुपयांची घासाघीस जमत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

एका जुन्या सुभाषितकाराने डोंगराच्या जोडीला युद्धाच्या वार्तेलाही दुरूनच रम्य म्हटले आहे. ते खोटे नाही. परंतु रम्य का वाटते, याचा शोध मी माझ्यापुरता घेतला तेव्हा मला थोडी लाज वाटली. पुस्तक उघडले की मी आपोआप सेनापतीच्या शेजारी, टेकडीवर जाऊन उभा राहतो. खाली दरीत काय चालले आहे ते मला नकाशावरच्या बाणांनी कळते. काळा बाण उजवीकडून वळतो, पांढरा बाण मागे हटतो. बाणाला रक्त येत नाही. बाण पाणी मागत नाही. हे सुख वाचनाचे असते की दुसऱ्याच्या जिवावर सेनापती होण्याचे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या शाळेत पूर्वी एक शिपाई होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. तरुणपणी ते पलटणीत होते आणि १९७१ च्या युद्धात पूर्व बंगालच्या आघाडीवर लढले होते. हे समजल्यावर माझ्या अंगात संचारले. त्या लढायांचे एक पुस्तक आणि नकाशा घेऊन मी मधल्या सुट्टीत त्यांच्यापाशी गेलो. "मामा, हा बघा रस्ता, ही नदी. इथून वळसा घालायचा बेत होता ना?" मामांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ निरखला. मग म्हणाले, "गुरुजी, बेत साहेबांना ठाऊक. रात्रीची चाल. आम्हाला पुढच्याची पाठ तेवढी ठाऊक."

"आणि मग?"

"पाठ दिसंना झाली, की समजायचं."

एवढे बोलून ते तास वाजवायला उठले. मी नकाशाची घडी घातली. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या डोळ्यांपुढून एक पाठ हलली नव्हती, आणि माझ्या पुस्तकाच्या सूचीत तिचा उल्लेख नव्हता.

पुढे जॉन कीगन या इंग्रज इतिहासकाराचे पुस्तक हाती आले. कीगन सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात भावी अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवीत असे. परंतु स्वतः त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती आणि ही कबुली त्याने पुस्तकाच्या आरंभीच देऊन टाकली आहे. १९७६ साली निघालेल्या या ग्रंथात त्याने तीन लढाया घेतल्या: १४१५ ची अजँकूर, १८१५ ची वॉटर्लू आणि १९१६ ची सोम. पण तो टेकडीवर चढला नाही. खाली उतरला. चिखल किती होता, धुरात किती पावलांपर्यंत दिसत होते, शेजारी पडलेल्या माणसाला ओलांडून पुढे कसे जायचे, माणूस पळून का जात नाही, असे प्रश्न त्याने विचारले. सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याची मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ५७ हजार माणसे खर्ची पडली. त्यांतली १९ हजारांहून अधिक मरण पावली. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता आणि चहाचा घोट घेऊन पान उलटले होते. कीगन वाचताना मला आमच्या मामांची आठवण झाली. त्या आकड्यातली प्रत्येक एकी ही कोणाच्या तरी पुढची पाठ होती.

आपल्या मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याची बातमी पेशव्यांना सावकारी भाषेतल्या एका पत्रातून कळली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोन मोती गळाले, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. सत्तावीस मोहरा हरपल्या, म्हणजे नामांकित सरदार. आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. हे पत्र मी वर्गात किती तरी वेळा रंगवून सांगितले आहे. मोत्यांपाशी माझा आवाज दाटून येतो, मोहरांपाशी मी नावे घेतो. खुर्द्यापाशी मात्र तास संपतो.

पत्र लिहिणाऱ्या सावकाराला दोष देता येणार नाही. त्याला घाई होती, आणि मोजणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. पण आम्हा वाचकांना कसली घाई आहे? अडीच शतकांहून अधिक काळ आम्ही मोती आणि मोहराच मोजत बसलो आहोत. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, होळकर निघून गेले नसते तर, असे जर-तरचे वाद घालताना खुर्दा कोणत्या गावचा होता, त्यांच्या घरी त्या वर्षी पेरणी कोणी केली, हे आम्ही विचारले नाही. युद्धावरच्या पुस्तकाची परीक्षा करायची झाल्यास माझी कसोटी आता एवढीच आहे: यात खुर्द्याचा हिशेब आहे काय?

कोणी म्हणेल, गुरुजी, हा भाबडेपणा झाला. युद्धशास्त्र हे शास्त्र आहे. सर्जनने शस्त्रक्रिया करताना रडत बसू नये. हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. रडून हात थरथरला तर रोगी मरेल, हे खरे. पण टेबलावर रोगी आहे हेच जो विसरला तोही त्याला मारीलच. याला इतिहासातच दाखला आहे.

जर्मन सेनेचा प्रमुख असलेला श्लीफेन हा कॅनीच्या लढाईने अक्षरशः झपाटलेला होता. इसवी सनापूर्वी २१६ साली हॅनिबलने आपल्याहून मोठ्या रोमन सैन्याला दोन्ही बाजूंनी वेढून त्याचा चुराडा केला, ती ही लढाई. श्लीफेनने तिचा अभ्यास केला, तिच्यावर लिहिले आणि शत्रूला असेच बगलेवरून गाठून वेढण्याचे स्वप्न आपल्या वारसांच्या हवाली केले. बाण सुंदर होते. परंतु हॅनिबल कॅनी जिंकूनही अखेर युद्ध हरला. इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामाला त्याचा पराभव झाला, हे त्या बाणांत कुठे उमटले नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा बेल्जियममधून फ्रान्सवर वळल्या. काही आठवड्यांत संपायचे ते युद्ध चार वर्षे चालले आणि त्यात एक पिढी गेली.

त्याच ऑगस्टची कहाणी बार्बरा टकमन या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली पुस्तकरूपाने लिहिली. कोणाला नीटसे नको असलेले युद्ध, वेळापत्रकांच्या आणि मानापमानाच्या पायी सर्वांच्या गळ्यात कसे पडले, ते तिने दाखवले. ते पुस्तक अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रे सापडली, आणि जग अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. हल्ला करा असा सल्ला देणारे सेनानी भोवती असताना केनेडींना ते पुस्तक आठवत होते. आपल्यावर असे पुस्तक लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये, असे ते भावाशी बोलले. एका वाचकाने बाण पाहिले, दुसऱ्याने सापळा पाहिला. वाचन दोघांनीही केले होते.

आणि त्याच ऑक्टोबरात आपल्याकडे काय चालले होते? २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडले. हिमालयाच्या त्या थंडीत आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती कपडे होते आणि जवळ काडतुसे मोजकीच होती. दळवी दोन दिवसांनी पकडले गेले, काही महिने कैदेत राहिले आणि १९६९ मध्ये त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' लिहिले. त्या पुस्तकात संताप आहे, पण तो हरल्याचा नव्हे. दूर दिल्लीत बसून ज्यांनी नकाशावर रेघा ओढल्या त्यांनी काठावरच्या माणसाच्या अंगावर काय आहे हे पाहिले नाही, याचा तो संताप आहे. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. किती घरांतला फराळ पोस्टाच्या थैलीतच राहिला असेल, ते कोणत्याही नकाशात नाही.

म्हणून मी मित्रांना सांगतो, ही पुस्तके सोडू नका. ज्यांनी युद्धाविषयी काहीच वाचलेले नसते त्यांनाच ते सोपे वाटते. पण दोन पुस्तके जोडीने वाचा. एक टेकडीवरच्या माणसाचे आणि एक पुढच्याची पाठ पाहणाऱ्याचे. ब्रह्मदेशच्या मोहिमेवर जनरल स्लिमने १९५६ साली लिहिलेले पुस्तक जरूर वाचा. त्यात आधी आपला पराभव आणि आपल्या चुका सांगण्याचे धैर्य आहे. पण त्याच्याशेजारी स्लेज नावाच्या साध्या अमेरिकन शिपायाचे, १९८१ मध्ये आलेले पुस्तक ठेवा. पॅसिफिकमधल्या बेटांवर लढताना त्याने आपल्या बायबलच्या छोट्या प्रतीत टिपणे ठेवली होती. मेलेल्या शत्रूच्या तोंडातले सोन्याचे दात काढायला आपणही एकदा सरसावलो होतो, सोबत्याने अडवले म्हणून वाचलो, ही गोष्टसुद्धा त्याने लपवलेली नाही. शत्रू माणूस होता हे आपण विसरलो होतो, ही ती कबुली. खुर्दा दोन्ही बाजूंचा मोजायचा असतो, तो याचसाठी.

आणि हे सारे आपल्या व्यासांना ठाऊक होते. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य अशी एकेका सेनापतीच्या नावाची पर्वे त्यांनी लिहिली, पाठोपाठ रात्रीच्या संहाराचे सौप्तिक लिहिले. आणि लगेच त्यांनी स्त्रीपर्व ठेवले. गांधारी आणि सुना रणांगणात येतात आणि आपापली माणसे शोधतात. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? जिंकलेला युधिष्ठिर मेलेल्यांची संख्या सांगतो, बेपत्ता झालेल्यांचीही सांगतो. धृतराष्ट्र पुन्हा विचारतो, ज्यांचे कोणीच नाही त्यांचे काय? तेव्हा राजांच्या चिता पेटल्यावर, नाना देशांहून आलेल्या त्या अनाथ मृतांना विदुराकरवी गोळा करून त्यांनाही अग्नी दिला जातो. हा आपला की तो कौरवांचा, असे तिथे कोणी विचारीत नाही. महाभारत तिथे जिंकणाऱ्याचे पुस्तक राहत नाही.

गेल्या वर्षी किल्ला मोडायच्या दिवशी मला ते मावळ्याचे दोन तुकडे पुन्हा दिसले. पुतणीने ते फेकले नव्हते. पायथ्याशी, वाघाच्या गुहेपलीकडे अळिवाच्या हिरवळीत तिने त्यांना नीट जुळवून आडवे ठेवले होते. यंदा माती आणली तेव्हा तिने डबा उघडून आधी तोच मावळा बाहेर काढला आणि मला विचारले, "काका, याची जागा?"

"किल्ल्यावरच," मी म्हणालो. "आधी त्याची जागा करू. मग बुरूज बांधू."