पहिली थार आणि फ्लेक्सवरचं नाव

सप्टेंबर २०२० मध्ये महिंद्राने नव्या थारमधल्या पहिल्या गाडीचा ऑनलाइन लिलाव केला. पैसे कोविड मदतीला जाणार होते. बोली १ कोटी ११ लाखांवर थांबली, आणि कंपनीने तेवढीच रक्कम स्वतःची घातली. काही दिवसांनी हीच थार शोरूमला ९ लाख ८० हजारांपासून मिळू लागली.

म्हणजे वरचे कोटभर रुपये गाडीचे नव्हतेच, 'पहिली' या शब्दाचे होते. मग ते दान की खरेदी?

पोप फ्रान्सिस यांना २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी भेट मिळाली. त्यांनी ती धर्मादाय कामांसाठी विकायला दिली. लिलावात ७ लाख १५ हजार युरो आले. त्यांना गाडी नकोच होती. मग त्यांनी सोडलं काय?

मी इंदापूरचा, नोकरी पुण्यात. गेल्या आषाढात पालखीच्या जेवणासाठी पाच हजार पाठवले आणि गावी पोचल्यावर आधी फ्लेक्सवर स्वतःचं नाव शोधलं. नव्हतं. वाईट वाटलं, मग त्याचीच लाज वाटली.

काटेवाडीत परीट समाज तुकोबांच्या पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो. तोही मानच. पण तो सगळ्यांचा मिळून, एकट्याचा नाही.

पंगतीतला वारकरी पैसे कुणाचे हे विचारत नाही. त्याचं पोट भरतं, दान तिथे पूर्ण होतं. उरलेली भूक माझी.

यंदाही पाठवेन. 'नाव टाकू नका' असं मात्र कळवणार नाही. तेही नाव मागणंच झालं.