भिंतीवरचा डोळा

दिग्रसला आमच्या चाचांचे चहाचे हॉटेल होते. बाजाराच्या दिवशी कास्तकार तिथे टेकायचे. कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, लेकीचे लग्न, सारे त्या बाकड्यांवर बोलले जाई. चाचा ऐकत आणि विसरत. बैठकीतले बोलणे ही अमानत, असे ते मानत.

आज हॉटेलात कॅमेरा असतो. गल्ल्यावर, दारावर मालक तो लावतो. चोरी झाली की पोलीस चित्रण मागतात. त्याला कोणाची ना नाही. पण सर्वांना दिसणारा कॅमेरा वेगळा आणि पोलिसांचा आतून रोखलेला, गिऱ्हाइकाला ठाऊक नसलेला डोळा वेगळा.

हा प्रश्न आपल्या राज्यातूनच, डान्स बारच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयात गेला. आतले चित्रण थेट पोलिसांना दिसावे, अशी परवान्याची अट होती. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने ती बाजूला सारली. पुढे नव्या कायद्याच्या नियमांत कॅमेऱ्याची सक्ती पुन्हा आली. १७ जानेवारी २०१९ रोजी तीही खासगीपणाचा भंग म्हणून रद्द झाली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिलाच होता.

कोणी म्हणेल, डान्स बारची तरफदारी आपण का करावी? येथे हजरत उमर यांची एक रिवायत आठवते. रात्री एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. समोर शराब होती. तो माणूस म्हणाला, माझा गुन्हा एक. आपण मात्र पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि इजाजतही घेतली नाही. खलिफा निमूट परतले. शराब त्याने हलाल झाली नाही. पण दुसऱ्याचा गुनाह शोधायला आपण कोणत्या वाटेने जातो, याचाही हिशेब असतो. कुरआनाने सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस मना केले आहे, ते यासाठीच.

हॉटेल म्हणजे घर नव्हे, हे खरे. तिथे शेजारचा मला पाहतोच. पण मीही त्याला पाहतो, आणि आवाज कमी करायचा की नाही ते ठरवतो. लपलेला डोळा मला ही संधी देत नाही, आणि तो विसरतही नाही.

‘गुन्हा केला नाही, मग भीती कशाची?’ असे विचारतात. उधारी मागणाऱ्या कास्तकाराने कोणता गुन्हा केलेला असतो? तरी त्याची मान खाली असते. लाज म्हणजे गुन्हा नव्हे. ती झाकण्याचा हक्क गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक लागतो, कारण त्याच्याकडे बंद दाराची खोली नसते. एखाद्यावर संशय असेल तर पोलिसांनी कारण लिहावे, मुदत ठरवावी, न्यायालयाला जाब द्यावा. एकासाठी सगळ्या बाकड्यांवर पाळत नको.

आणि बोट आपल्याकडेही वळवू या. कोणाची मुलगी कोणाशी बोलली, कोण नमाजला आला नाही, याची टेहळणी मोहल्ल्यात कॅमेऱ्याविनाच चालते. पोलिसांकडे अदब मागताना ती आपल्या खिडकीतही हवी. चाचांना कायदा ठाऊक नव्हता. ऐकलेले विसरणे मात्र त्यांना जमत होते.