हामची वंशावळ

बायबलातील उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात नोहाचा पुत्र हाम याचे कूश, मिस्राईम, पूट व कनान असे चार पुत्र नमूद आहेत. आणि एकोणिसाव्या शतकात ज्या युरोपीय पंडितांनी आफ्रिकेतील भाषांचे दफ्तर लावावयास घेतले, त्यांनी ही नोंद बादशाही सनदेप्रमाणे ग्राह्य धरून सोमाली, ओरोमो, बेजा आदी भाषांना कूशाचे व त्यांच्या व्यापक घराण्याला हामचे नाव दिले. हामच्या नावामागे जो नोहाचा शाप लावला जातो, तो पडला होता कनानवर, हामवर नव्हे. परंतु पोथीचा हवाला देणारे पोथी वाचतातच असे नाही. खुद्द भाषापंडित विल्यम जोन्सनेही 1792 च्या व्याख्यानात आपणा हिंदूंना हामच्याच वंशात बसविले होते.

1912 साली भाषाशास्त्रज्ञ कार्ल माइनहोफने चाड सरोवराच्या पश्चिमेची हौसा, तसेच मसाई व नामा याही भाषा या घराण्यात दाखल केल्या, तेव्हा व्याकरणाच्या जोडीला वर्ण व पशुपालन हेही पुरावे त्याने जमेस धरले. पुढे भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गच्या 1963 च्या ग्रंथाने हामचे नाव खारीज करून सेमिटिक, इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक व चाडिक अशा पाच शाखा समान दर्जाने मांडल्या. या शाखांच्या नात्याचा एक दाखला पाहा: ‘तो आला’, ‘ती आली’ हे चाडिक शाखेतील हौसात ‘या झो’, ‘ता झो’. तेथून सुमारे 4,000 किलोमीटरवरील मोगादिशूच्या कुशिटिक सोमालीत ‘यिमिद’, ‘तिमिद’. मात्र हाच ‘य’ आणि ‘त’ अरबीतही आढळतो. म्हणून त्यावरून मूळ पुरुष एक ठरला, तरी कुशिटिक व चाडिक यांचे खास सख्खेपण ठरत नाही. कुशिटिक गुराखी नाईलकडून पश्चिमेस सरकले, हा भाषाशास्त्रज्ञ रॉजर ब्लेंच यांचा, गुरांच्या सामायिक नावांवर आधारलेला तर्क मोहक आहे. पण गुरांची नावे गुरांबरोबर विकलीही जातात.

माझ्या मते खरा प्रश्न निराळाच आहे: भाषेचा वारसा देहाच्या वारशामागून चालतो काय? उत्पत्तीचा दहावा अध्याय कुळे व भाषा यांची वाटणी एकत्रच करतो. अकराव्यात मात्र बाबेलच्या बुरुजापाशी ईश्वरच एका भाषेच्या अनेक करतो, आणि तेथे कुळाचा संबंध उरत नाही. इतिहासाचा कौल या दुसऱ्या कथेकडे अधिक झुकतो. फुलानी धर्मगुरू उस्मान दान फोदियोने 1804 मध्ये पुकारलेल्या जिहादानंतर हौसाभाषकांचे कानो शहर फुलानी सरदारांच्या अमलाखाली आले, पण कालांतराने या विजेत्यांच्या घरांतून जितांची हौसाच बोलली जाऊ लागली. त्या घरांतील मुलांनी ‘या’ आणि ‘ता’ उचलले ते दाईकडून, बाजारातून, सवंगड्यांकडून; आजोबांकडून नव्हे.